जुळ्या नोंदी काढून टाकू का?

“लेफ्तेरीसकाका, तुम्ही मेल्यावर आमच्या नाचाचे नंबर कोण लावणार?”

छोट्या बेटावरच्या आनोमिली गावच्या सांस्कृतिक मंडळाच्या वार्षिक सभेत, ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली अरगीरो गालानूनं उभं राहून हा प्रश्न विचारला, आणि सभा जागच्या जागी गोठली. मग अभद्र टळावं म्हणून सगळ्या बायकांनी एकदमच आपापल्या छातीवर थू थू थू केलं, नि सगळ्या पुरुषांनी लाकूड शोधून त्यावर बोटं वाजवली. लाकूड म्हणजे खुर्च्या. खुर्च्या अरगीरोच्या बाबांच्या. बाबांचं कॉफीचं दुकान आहे आणि गावात काहीही घडलं, म्हणजे लग्न, मयत, सभा किंवा भांडण, तरी खुर्च्या तिथूनच येतात. त्यामुळे लेकीनं तोंड उघडल्याबरोबर बाबांनी पहिल्यांदा लेकीकडे नाही, खुर्च्यांकडे बघितलं.

खरं तर प्रश्न अरगीरोचा नव्हताच. तो रोदानथी आणि मिर्सीनीचा होता. या तिच्या दोघी मैत्रिणी मागच्या रांगेत एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. “विचारून दाखव, नाहीतर उन्हाळाभर आमच्या पिशव्या तू उचलायच्या,” अशी पैज होती. मागच्या वर्षीची अरगीरो असती तर तिनं मुकाट्यानं पिशव्या उचलल्या असत्या. पण हिवाळ्यात तिनं केस कानापर्यंत कापले होते, आणि केसांबरोबर तिची भीडही न्हाव्याच्या जमिनीवर पडली ती पडलीच. आता तिला कुणी काही करून दाखव म्हटलं की ती आधी करायची आणि मग काय केलं याचा विचार करायची.

लेफ्तेरीसकाका मंडळाचे चिटणीस. गावात वीज यायच्या आधीपासून चिटणीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी मेल्यावर?” ते म्हणाले. “मुलीला घाई झालेली दिसते.”

“तसं नाही काका, म्हणजे सगळं तुमच्याच डोक्यात आहे ना, म्हणून म्हटलं की ते डेटाबेसमध्ये...”

“ठीक आहे.” काकांनी पायाजवळची मकरोनीची खोकी उचलून टेबलावर ठेवली. त्यात घरोघरच्या चिठ्ठ्या होत्या. “आत्तापासून मी मेलो. घे, लाव नंबर.”

आणि ते घरी निघून गेले. सभा संपली. उपस्थितांचे आभार मानायचे राहून गेले, ते अजून राहिलेलेच आहेत.

आता नाचाचे नंबर म्हणजे काय ते एकदा सांगितलं पाहिजे. ऑगस्टातल्या मातेच्या जत्रेला चर्चच्या अंगणात व्हायोलिन वाजायला लागलं की प्रत्येक घराला आपला एक नाच मिळतो. नंबर पुकारला की घरचा कर्ता पुढे, त्याच्या मागे बायको, मुलं, सुना, जावई. त्या नाचात परक्यानं पाय टाकायचा नाही. टाकला तर खुर्च्या उडतात. मागे एकदा दोन घरांना एकच नंबर पुकारला गेला तेव्हा व्हायोलिनवाल्यानं वाद्यासकट लिंबाचं झाड गाठलं होतं, आणि उतरताना त्यानं एवढंच विचारलं होतं की मी खाली आलो तर मला नाचावं लागेल का.

बाबांनी त्या वर्षी मोडलेल्या खुर्च्यांचे पाय अजून माळ्यावर जपून ठेवलेत. माणसं मेलेल्यांचे फोटो ठेवतात तसे.

“तर ऐक,” त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले. “तुला सप्टेंबरात मोठ्या बेटावरच्या तंत्रशाळेत जायचंय ना? संगणक शिकायला? मावशीकडे राहायला?”

हा विषय घरात इस्टरपासून झाकून ठेवलेला होता. बाबांनी झाकण स्वतः काढलेलं बघून अरगीरोचा घास हातातच राहिला.

“जत्रेत माझी एकही खुर्ची मोडली नाही, तर जा. एक जरी मोडली, तर इथंच राहायचं, दुकान बघायचं आणि संगणकाचं नाव काढायचं नाही.”

“पान्देलिस, पोरीचं शिक्षण खुर्चीवर काय ठेवतोस?” आई म्हणाली.

“माझं सगळं आयुष्य खुर्चीवरच आहे,” बाबा म्हणाले.

*

अरगीरोनं कामाला जी सुरुवात केली ती बघण्यासारखी होती. शाळेतल्या सरांनी अडगळीतला एक संगणक दिला. तो चालू झाला की दुकानातला पंखा बंद पडायचा, त्यामुळे ऐन उन्हात घामाघूम गिऱ्हाइकं डेटाबेसच्या प्रगतीची रोज चौकशी करायची. “झाला का गं?” “अजून नाही काका.” “मग थोडा वेळ पंखा लाव.”

ती शिकत होती ती फोनवरचे धडे बघून. त्यातला मास्तर एक टक्कल असलेला तरुण होता आणि तो अशा आवेशात बोलायचा की जणू पलीकडे शत्रूचं सैन्य उभं आहे. “रोज प्रत काढा!” तो म्हणायचा. “रोज! न चुकता!” अरगीरो रोज न चुकता एका पेनड्राइव्हवर प्रत काढायची. “प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख हवी!” तो म्हणायचा. अरगीरो मान डोलवायची. या दुसऱ्या वाक्याकडे तिनं जरा जास्त लक्ष दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कारण काकांच्या चिठ्ठ्यांवर पुढच्या बाजूला फक्त नाव आणि नंबर होता. मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात त्या घराचं टोपणनाव होतं. आनोमिलीत टोपणनाव प्रत्येकाला असतं, ते सगळ्यांना माहीत असतं, आणि ज्याचं असतं त्याच्यासमोर ते कुणी उच्चारत नाही. ‘कोंबडी’ म्हणजे कोण हे गावातलं लहान मूल सांगेल, पण खुद्द खाटकासमोर तो शब्द काढायची हिंमत पाद्र्यालाही नाही. अरगीरोनं सभ्यपणा म्हणून मागची बाजू टंकलीच नाही. मुलगी वळणाची आहे.

मग राहिली पुढची बाजू. आणि आनोमिलीत थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, थोरल्या मुलीला आजीचं. स्तामातिस गालानोस नावाच्या एका आजोबांना सात मुलगे झाले. सातांनी आपापल्या थोरल्याचं नाव स्तामातिस ठेवलं. सगळेच गालानोस, आणि बायका गालानू. त्यांना बहिणी झाल्या त्या अरगीरो. अशी गावातली चार-पाच घराणी. थोडक्यात सांगायचं तर गावात माणसं पुष्कळ आणि नावं मूठभर.

स्वतः अरगीरोला जन्मापासून कुणी नुसतं अरगीरो म्हटलेलं नाही. ती ‘पान्देलिसची अरगीरो’, नाहीतर ‘चारांतली धाकटी’. तिच्या वाढदिवसाच्या केकवरसुद्धा एकदा चुलतबहिणीचं वय आलं होतं.

सगळं टंकून झालं. खोकी तिनं आभाराच्या चिठ्ठीसह काकांच्या घरी परत नेऊन दिली. काकांच्या बायकोनं, आसिमीनाकाकूनं, ती दारातच घेतली.

“काका आहेत का?”

“आहेत की. पण मेलेत,” काकू वैतागून म्हणाल्या. “सभेपासून एक ताट उचललं नाही. म्हणे मयताला कुणी काम सांगतं का. शेळीला चारा घाला म्हटलं तर डोळे मिटून घेतात.”

आतून आवाज आला, “तिला म्हणावं, माझ्या नावापुढे नीट लिही. मयत.”

अरगीरोनं घरी येऊन लिहिलं. रकाना होता ‘हयात’, त्यात तिनं टिचकी मारली: नाही. तिला ते गमतीचं वाटलं. परदेशातल्या सभासदांना दर बदलाची पत्रं आपोआप जातील अशी सोय तिनं आदल्याच दिवशी मोठ्या कौतुकानं करून ठेवली होती, हे तिच्या लक्षातून गेलं.

*

जत्रेला परवाना लागतो. परवान्याला सभासदांची यादी लागते. यादी घेऊन अरगीरो बसनं तालुक्याच्या गावी गेली. कचेरीतला कारकून खिडकीत बसून कलिंगड खात होता. त्यानं एक बी थुंकली आणि यादीवर बोट ठेवलं.

“हा माणूस सात वेळा आलाय.”

“ती सात माणसं आहेत.”

“एकाच नावाची?”

“हो.”

“बापाचं नाव लिही.”

“तुमच्या अर्जात बापाच्या नावाला रकानाच नाही साहेब.”

“मग पत्ता लिही.”

“सगळ्यांचा पत्ता एकच. ‘चर्चच्या वर’.”

कारकुनानं तिच्याकडे असं बघितलं की जणू गाव तिनंच वसवलं आहे. “मुली, आमच्या संगणकात एक नाव एकदाच जातं. जुळं नाव दिसलं की तो शिट्टी मारतो. यादी नीट करून आण, नाहीतर यंदा घरातल्या घरात नाचा.”

ही बातमी तिच्या आधी गावात पोचली. बस वळणावळणाची आहे आणि फोन सरळ जातो. ती दुकानात येऊन बसते न बसते तोच सल्ले सुरू झाले.

“अगं सोपं आहे. थोरला, मधला, धाकटा असं लिही,” खाटीक स्तामातिस म्हणाला. “मला थोरला लिही.”

“थोरला मी आहे,” नळवाला स्तामातिस कोपऱ्यातून म्हणाला.

“वयानं असशील. मी मानानं आहे.”

“जन्मसाल लिही ना,” मंडळाच्या अध्यक्षा मेल्पोबाई म्हणाल्या. त्या औषधाचं दुकान चालवतात आणि प्रत्येक गोष्टीला दोन वेळा जेवणानंतर असा उपाय सांगतात. पण जन्मसालाचं ऐकून गावातल्या सगळ्या आत्यांनी तिथल्या तिथं सभासदत्व सोडायची धमकी दिली.

“उंची लिही,” रोदानथी म्हणाली.

“जोडे लिही,” मिर्सीनी म्हणाली. “म्हणजे नाचाच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं.”

लेफ्तेरीसकाका शेजारच्याच टेबलावर कॉफी पीत बसले होते. अरगीरो त्यांच्याकडे वळली. “काका, तुम्ही काय करत होतात?”

काकांनी शांतपणे कप ठेवला. “मेलेला माणूस बोलायला लागला पोरी, तर पाद्र्यांना बोलवावं लागतं.” आणि दुकानात हात वर करून, “पान्देलिस, मयताला एक पाणी आण.”

अरगीरोला आता राग आला होता. तिनं संगणक लावला. पंखा बंद पडला. सगळं दुकान हातातल्या वर्तमानपत्रानं वारा घेत तिच्या पाठीमागे उभं राहिलं. आणि त्याच क्षणी पडद्यावर, जणू देवानंच पाठवावं तसं, एक चौकट उघडली.

*जुळ्या नोंदी आढळल्या. काढून टाकू का?*

खाली दोन बटणं. हो. नाही.

तिला वाटलं, छापायच्या यादीतून काढणार. दुसरं कुठून काढणार? माणसांना काय कुणी काढतं?

तिनं ‘हो’ दाबलं.

संगणकानं फार वेळ घेतला नाही. उलट पहिल्यांदाच तो एवढा चपळ वागला. यादी अशी सडपातळ निघाली की मेल्पोबाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी कारकुनानं कलिंगड बाजूला ठेवून शिक्का मारला, आणि खूश होऊन आणखी एक मारला. परत येताना अरगीरो बसमध्ये उभीच राहिली, कारण बसलेल्या माणसाला एवढा अभिमान मावत नाही. घरी आल्यावर तिनं न चुकता प्रत काढली. त्याच पेनड्राइव्हवर. कालच्या प्रतीच्या जागी.

संध्याकाळी रोदानथी तिच्या खांद्यावरून पडदा बघत होती.

“तू कुठेयस यात?”

“ही काय, अरगीरो गालानू.”

“ही तू कशावरून?”

“म्हणजे?”

“नंबर बघ ना. हा तुझ्या आजीच्या घराचा आहे. तुमचा कुठाय?”

अरगीरोनं खाली बघितलं. वर बघितलं. मग स्तामातिस गालानोस शोधला. एक होता. एकुलता एक. बाकी सहा, त्यांच्या नोंदींना जोडलेल्या बायका, मुलं, सुना, जावई कुठेच नव्हते. अर्धं गाव गेलं होतं. आणि अर्ध्या गावाबरोबर ती स्वतःसुद्धा.

“मी स्वतःला पुसलं,” ती म्हणाली.

“प्रत आहे ना पण?” मिर्सीनीनं विचारलं.

प्रत होती. पेनड्राइव्हवर तीच सडपातळ यादी मोठ्या डौलात बसलेली होती. टकल्या मास्तरनं रोज प्रत काढायला सांगितलं होतं. कालची पुसून त्या जागी आजची ठेव, असं त्यानं सांगितलं नव्हतं. पण ठेवू नको असंही कुठं सांगितलं होतं?

तिघी धावत काकांच्या घरी गेल्या. चिठ्ठ्या! चिठ्ठ्या तर आहेत! अंगणात भट्टी धगधगत होती आणि हवेत टोस्टांचा सुंदर वास होता. आसिमीनाकाकू फावडं घेऊन उभ्या होत्या.

“ती खोकी?” त्या म्हणाल्या. “अगं, मेलेल्याच्या वस्तू घरात ठेवू नयेत म्हणतात. आणि कागद काय छान पेटतो गं. घ्या, गरम आहेत.”

अरगीरोनं टोस्ट घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तिनं सगळ्या गावाचा इतिहास थोडं तूप... नाही, थोडं ऑलिव्हचं तेल लावून खाल्ला, आणि तो, काय सांगावं, खरोखर खुसखुशीत झाला होता.

*

त्यानंतरचे दिवस तिनं दारोदार फिरून काढले. “तुमचा नंबर कितवा होता हो?” एवढंच विचारायचं होतं.

“आमचा? पहिला,” पहिलं घर म्हणालं.

“पहिला. आजोबांपासून,” दुसरं म्हणालं.

“पहिलाच असणार, नाही का?” तिसऱ्या घरची आजी म्हणाली, आणि तिच्या हातात बदाम कोंबले.

गावात एकही घर दुसरं नव्हतं. अरगीरोनं वही फेकून दिली. तिला रात्री स्वप्नात सात स्तामातिस एका खुर्चीवर बसताना दिसायचे, आणि बाबा बाजूला उभं राहून त्या खुर्चीच्या पायांवर हात फिरवत असायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे आई. आईनं तिची बॅग शिवायला काढली होती. मावशीला फोन करून खिडकीजवळचा पलंग मागितला होता. रोज जेवताना ती म्हणायची, “काम नीट चाललंय ना गं?” आणि अरगीरो म्हणायची, “मस्त.” संगणकाचं नाव निघालं की बाबा मात्र निळ्या रंगाचा डबा काढून एखादी खुर्ची रंगवायला बसायचे.

जत्रेच्या आदल्या दिवशी बोट आली. बोटीतून मेलबर्नचा स्तामातिस उतरला. हा सातांतला सातवा. गाव सोडून गेला तेव्हा मिसरूड फुटलेलं, आता पोट पुढे, डोकं चकचकीत. डोळे रडून लाल. त्याच्या गळ्यापर्यंत पोचेल एवढं मोठं फुलांचं चक्र त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं आणि त्यावर रेशमी फीत होती.

“कुठं ठेवलंय त्यांना?” त्यानं धक्क्यावर विचारलं.

“कुणाला?” बाबांनी विचारलं.

“लेफ्तेरीसकाकांना! आम्हाला मंडळाचं पत्र आलं. हयात, नाही. एवढंच. मेलबर्नमध्ये आम्ही मोठी प्रार्थना ठेवली, मी भाषण केलं...”

बाबांनी दुकानाकडे बोट दाखवलं. काका नेहमीच्या टेबलावर पत्ते पिसत होते.

मेलबर्नच्या स्तामातिसनं चक्राकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काकांनी हात पुढे करून फीत वाचली. ‘आनोमिलीच्या थोर सुपुत्रास, न विसरणारे आपले.’

“थोर,” काका पुटपुटले. “बघ, आसिमीना, थोर म्हटलंय.” आणि त्यांनी ते चक्र आपल्या खुर्चीच्या पाठीला टांगून घेतलं.

*

दुपारची प्रार्थना संपली. चर्चच्या अंगणात भातावर शेळीचं मटण वाढलं गेलं. बाबांच्या सगळ्या निळ्या खुर्च्या रांगेनं मांडल्या होत्या आणि बाबा त्यांच्यामधून मेंढपाळासारखे फिरत होते. व्हायोलिनवाल्यानं बसायच्या आधी लिंबाच्या झाडाची फांदी एकदा हलवून बघितली.

मेल्पोबाईंनी ध्वनिक्षेपक अरगीरोच्या हातात दिला. “चल, आपला नवा चिटणीस! नंबर पुकार.”

अरगीरोकडे सडपातळ यादी होती. पहिले तीन नाच सुखरूप पार पडले. ती तीनही घरं बाहेरून येऊन वसलेली, नावं वेगळी. चौथा नंबर तिनं वाचला तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

“चार. स्तामातिस गालानोस.”

सात खुर्च्या एकदम मागे सरकल्या. सात स्तामातिस उठले. त्यांच्या मागे सात बायका, आणि पोरंबाळं, आणि जावई. सगळे नाचाच्या जागेकडे निघाले आणि मधोमध येऊन एकमेकांना भिडले.

“माझा नंबर आहे,” खाटीक म्हणाला.

“ऐकलं नाहीस? नाव माझं घेतलं,” नळवाला म्हणाला.

“मी मेलबर्नहून आलोय!” मेलबर्नवाला म्हणाला. “दोन विमानं बदलून!”

“मग परत बदल!”

एका जावयानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. नुसताच ठेवला, पण बाबांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या मानेवर ठेवला. व्हायोलिनवाला उठून उभा राहिला. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

“लेफ्तेरीसकाका! सांगा! कुणाचा नंबर?”

काकांनी पाठीमागच्या फुलांच्या चक्राकडे अंगठा केला. “मी मयत आहे. लेखी आहे.”

अरगीरोनं आईकडे बघितलं. आईनं हाताची मूठ तोंडावर धरली होती. त्या मुठीत शिवायची बॅग नव्हती, पण अरगीरोला दिसली. आणि मग तिला भट्टीतल्या त्या चिठ्ठ्या आठवल्या. त्यांची मागची बाजू. ती आपण टंकली नाही, कारण आपण फार वळणाच्या.

तिनं ध्वनिक्षेपक तोंडाला लावला.

“थांबा! नाव नको. बापाचं नाव नको. गाव तुम्हाला पाठीमागे काय म्हणतं, ते इथं येऊन बोला. जो पहिल्यांदा बोलेल तो पहिला नाचेल!”

पाद्र्यांनी सावकाश काटा खाली ठेवला. सात माणसं पायाकडे बघायला लागली. एकमेकांची सगळ्यांना माहीत होती. प्रश्न स्वतःचं तोंडातून काढायचा होता.

खाटीक पुढे आला. दाराएवढा माणूस, हातात सुरी नसतानाही लोक वाट देतात असा. त्यानं ध्वनिक्षेपक घेतला, घसा खाकरला आणि बारीक आवाजात म्हणाला,

“मी कोंबडी.”

मग सगळं अंगण असं हसलं की लिंबावरची पाखरं उडाली, आणि सगळ्यात मोठ्यानं त्याची बायको हसली, जणू लग्नापासून ते हसू तिच्याकडे ठेव म्हणून होतं. व्हायोलिन सुरू झालं. कोंबडी नाचला. आणि काय नाचला! ओझं उतरलेल्या माणसासारखा, रुमाल गरागरा फिरवत.

मग तर रांगच लागली. “मी अर्धी मिशी.” “मी बिशप.” “मी... ते... गाढवाचा मामा.” हरेक नावाला टाळ्या, हरेक नावाला नाच. मग मेलबर्नचा स्तामातिस ध्वनिक्षेपक हातात घेऊन उभा राहिला.

“मला नाहीये,” तो म्हणाला. “मी लहानपणीच गेलो. मला कुणी ठेवलंच नसणार.”

“ठेवलंय की!” मागून कुणीतरी ओरडलं. आणि सगळं गाव एका सुरात म्हणालं, “शेळीविसऱ्या!”

कारण तो गाव सोडून गेला तेव्हा धक्क्यावर आपली शेळी बांधून गेला होता, आणि ती बिचारी बोटीकडे बघत ओरडत राहिली होती. एवढी वर्षं ते नाव इथं त्याची वाट बघत होतं. मेलबर्नचा स्तामातिस रडत रडत नाचला आणि मध्येच थांबून त्यानं विचारलं, “तिचं पुढं काय झालं?” सगळ्यांनी ताटात बघितलं.

आता राहिला नळवाला. तो पुढे आला आणि म्हणाला, “मी ‘उद्या’.”

“चूक!”

लेफ्तेरीसकाका उभे होते. हा अन्याय त्यांच्याच्यानं मेल्यावरसुद्धा सहन होईना. “चूक! साफ चूक! ‘उद्या’ याचा बाप होता! हा ‘परवा’ आहे, परवा! मी स्वतः लिहिलंय!” आपलं म्हणणं सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ते खुर्चीवर चढले, फुलांच्या चक्रासकट, आणि त्यांनी पाय आपटला.

कडाड.

काका चक्रात अडकून भातात बसले. कुणालाही काही लागलं नाही. फक्त एक निळा पाय सुटून घरंगळत बाबांच्या बुटाशी येऊन थांबला.

“काका बोलले!” आसिमीनाकाकू ओरडल्या. “उठला! मेला होता तो उठला!”

“ख्रिस्त उठला!” सवयीनं कुणीतरी मागून ओरडलं, आणि भर ऑगस्टात सगळ्या अंगणानं इस्टरसारखं उत्तर दिलं, “खरोखर उठला!”

अरगीरोला काहीच ऐकू येत नव्हतं. ती त्या निळ्या पायाकडे बघत होती.

“पुढचा नंबर!” व्हायोलिनवाला म्हणाला. यादीत होतं अरगीरो गालानू. आजी उठली, तिच्याबरोबर त्याच नावाच्या दोघी चुलतबहिणी उठल्या.

“कुठली अरगीरो?” कोंबडी ओरडला, आता तो फार मोकळा झाला होता. “ती पुसणारी का?”

“पुसणारी! पुसणारी!” रोदानथी आणि मिर्सीनी बाकावर चढून ओरडायला लागल्या, आणि मग सगळं गाव. कुणी दुसऱ्या अरगीरोकडे बघत नव्हतं. तिला क्षणभर समजलंच नाही की ही आपणच. मग समजलं. गावात तीन अरगीरो होत्या आणि एक पुसणारी.

ती नाचली. पुढे ती, मागे आजी. आजीनं तिच्या कानात म्हटलं, “मला पुसलं असतंस तर बघितलं असतं तुला,” आणि मागून एक गोड चिमटा काढला.

नाच संपला तेव्हा बाबा आईशेजारी बसले होते आणि मांडीवर खुर्चीचा मोडका पाय होता.

“मयतानं मोडली,” आई घाईघाईनं म्हणाली. “मयताची धरायची नाही, पान्देलिस.”

“तो उठला त्याआधी,” बाबा म्हणाले, “की उठल्यानंतर, हा प्रश्न आहे.” त्यांनी तो पाय उलटा करून बघितला. “पण मोडली, हे खरं.”

अरगीरो त्यांच्यासमोर उभी राहिली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. तिनं तो पाय बाबांच्या मांडीवरून उचलून आपल्या हातात घेतला.

“हो बाबा, मोडली,” ती म्हणाली. “आणि ती माझ्यामुळे मोडली, मयतामुळे नाही. म्हणून मी तुमची परवानगी मागत नाहीये, सांगतेय. सप्टेंबरात मी जाणार. पुसायच्या आधी प्रत कुठं ठेवायची ते पहिल्या दिवशी शिकणार, आणि पुढच्या जत्रेला परत येऊन नंबर मीच लावणार. हा पाय मी बरोबर नेतेय, माळ्यावर ठेवायचा नाही. आणि आई, बॅगवर नाव शिवशील तेव्हा नुसतं अरगीरो शिवू नकोस. पुसणारी शिव.”